हाव जी, दिसते

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. अकोल्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मी फरशी पुसली, आणि ओल्या फरशीवरून चपला घालून गेलेल्या एकाही माणसाला सोडलं नाही. मग तो डॉक्टर असो की नगरसेवक. त्यामुळे मोठ्या डॉक्टर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी. कोणीतरी चुगली केली.

मॅडमच्या टेबलावर माझा बारावीचा दाखला होता. नोकरी लागताना दिलेला, मी तर विसरूनही गेले होते. त्या म्हणाल्या, "सायन्सची बारावी झालीस आणि बादली घेऊन फिरतेस? ट्रस्टनं ठरवलंय, आपल्याच माणसांतून एकाला डोळे तपासायच्या कोर्सला पाठवायचं. फी दवाखाना भरेल, पगार चालू राहील. तू जा."

"मॅडम, मी चाळिशीला आली."

"मग चष्मा लागेल. दुसरं काय होणार?"

कोर्स दोन वर्षांचा. शुक्रवार-शनिवार अमरावतीला वर्ग, बाकीचे दिवस आपल्याच दवाखान्यात काम आणि सराव. पास झाल्यावर तीन वर्षं इथंच नोकरी करायची अशी अट होती. त्याला माझी काय हरकत? मी कुठं अमेरिकेला चालले होते!

खरी अट दुसरीच होती. ट्रस्टमधल्या काही लोकांचं म्हणणं, या वयाच्या बाया काय शिकणार, पैसा पाण्यात जाईल. शेवटी ठरलं की ही पहिली पास झाली तर दुसऱ्याला पाठवू, नाहीतर योजना बंद. आणि दुसरी कोण ते सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. ऑपरेशन थिएटरचे कपडे सांभाळणारी माझी सोबतीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, डोकं माझ्यापेक्षा तल्लख, नवरा गेल्यावर दोन पोट्ट्यांना घेऊन जुन्या शहरात माहेरी येऊन राहिलेली. तिचीही बारावी सायन्सचीच.

ती आपणहून म्हणाली, "शुक्रवार-शनिवारची तुही फरशी मी पाहून घेतो."

आमच्याकडे बाईमाणूसही 'मी जातो, मी करतो' असंच बोलते. आणि बोलल्याप्रमाणे तिनं केलं. स्वतःचे कपडे धुऊन, घड्या घालून, वर माझी फरशी, दोन वर्षं. दर सोमवारी मात्र एकच प्रश्न विचारायची, "झाला काय व अभ्यास?" एकदा माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "तुले काय घाई लागली? माह्या मानेवर बसून राहिली नुसती!" ती बादली उचलून निघून गेली. मला आजही त्याची लाज वाटते.

अमरावतीच्या वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. मला काकू म्हणायची. शिकवणारे सर पश्चिम महाराष्ट्रातले, माणूस चांगला, पण पहिल्याच दिवशी मी "सर, मी येतो" म्हटलं तर हसले. "येतो की येते?" सगळा वर्ग हसला. झालं! मी मनाशी गाठ बांधली की आता बोलायचं तर शुद्धच बोलायचं. एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून पुटपुटायची, "आजोबा, आपल्याला अक्षरे स्पष्ट दिसत आहेत का?" शेजारची बाई एकदा सरकून बसली.

दुसऱ्या वर्षी आमच्याच दवाखान्यात मी नंबर काढायला लागले. डोळ्यांवर ती गोल जड फ्रेम चढवायची, तिच्यात एकेक काच बदलायची आणि विचारत जायचं. एक दिवस मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून एक बाबा आले. स्वच्छ धोतर, हात जोडलेले. मी माझी शुद्ध भाषा काढली.

"आजोबा, ही काच बरी वाटते का?"

"हाव जी."

"की ही?"

"हाव जी."

"आता स्पष्ट दिसत आहे?"

"हाव जी, दिसते."

मी खूश! इतका समजूतदार पेशंट कधी मिळाला नव्हता. पाच मिनिटांत नंबर लिहून दिला.

तीन आठवड्यांनी ते बायकोला दाखवायला घेऊन आले. चष्मा खिशात होता. माझ्या तोंडून घाईत आपली बोली निघाली, "काहून लावत नाही जी चष्मा?"

ते ओशाळले. "लावला तं उंबरठे दोन दिसतात, माय. पडलो एकदा."

"मंग त्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

"तू एवढी मेहनत करून राहिली होती. शिकलेली पोरगी, एवढं चांगलं बोलून राहिली. तुही काच खराब आहे, असं कसं म्हनू तुले?"

मला आधी त्यांचा राग आला आणि लगेच त्याच्या दहापट स्वतःचा आला. माझा बाप असता तर त्यानंही हेच केलं असतं. साहेबासारखं बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे कोणी 'नाही' म्हणत नाही, वाईट वाटेल म्हणून. हे मला ठाऊक नव्हतं? याच मातीत वाढले ना मी! बाबांच्या कोपराला खरचटलेलं होतं, तेवढ्यावर निभावलं. मॅडमनी त्यांना दुसऱ्या दिवशी परत यायला सांगितलं, दवाखान्याच्या खर्चानं नवा चष्मा द्यायचं कबूल केलं, आणि मला एवढंच म्हणाल्या, "पुण्यामुंबईच्या माणसाकडून ही चूक झाली असती तर मी समजू शकले असते."

मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले. सोबतीण गाऊनच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्या मानसाले चांगलं काय ते इचारशील तं तो सारंच चांगलं म्हनते. त्याले नावं ठेवाले सांग. लग्नातल्या भाजीले नावं ठेवाले कोनी मांगं राह्यते काय?"

दुसऱ्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "बाबा, या काचा माह्या नाहीत, कंपनीच्या आहेत. यायले मनसोक्त नावं ठेवा." मग काय विचारता! "ही धुरकट आहे. ही वाकडं दावते. ही तं फेकूनच दे." अर्धा तास लागला, पण नंबर बरोबर निघाला. जाताना त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरून दाखवल्या.

शेवटची परीक्षा अमरावतीला. बाहेरून आलेले परीक्षक, चेहरा इस्त्री केलेला. प्रत्येकाला एक पेशंट आणि वीस मिनिटं. माझ्या वाट्याला आली एक म्हातारी, डोक्यावरून पदर, पाय वर घेऊन खुर्चीवर बसलेली. परीक्षकांसमोर मी पुन्हा शुद्ध झाले. सवय जाते का?

"आजी, ही काच बरी वाटते?"

"हाव जी."

तोच हाव जी. लिहून टाकलं असतं तर कागद नीटनेटका दिसला असता, वेळेतही बसले असते. नाही लिहिलं तर वेळ जाणार. आणि मी नापास झाले तर मी परत बादली घेईन, ते ठीक आहे. पण माझी सोबतीण कायमची कपड्यांच्या खोलीत राहील. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी पेन खाली ठेवलं. "आजी, मी अकोल्याची. दवाखान्यात फरशी पुसत होतो. तू या काचेले नावं ठेव."

तिनं परीक्षकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठेवू?"

"ठेव."

आणि म्हातारी सुटली. एका काचेतून तिला भिंत हलताना दिसली, दुसरीतून साहेबांना दोन नाकं. वीस मिनिटं संपली, वर दहा गेली. परीक्षकांनी विचारलं, "ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. आमच्या दवाखान्यातल्या कपड्यांच्या खोलीत आहे."

त्यांनी स्वतः एक चुकीची काच घातली आणि म्हातारीला विचारलं, "आता दिसतंय का, आजी?"

"हाव जी, दिसते," म्हातारी अदबीनं म्हणाली.

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलेल तर शपथ.

निकाल लागेपर्यंतचा दीड महिना वाईट गेला. मी सोबतिणीला सांगितलं होतं, वेळ पुरला नाही, भरवसा धरू नको. त्यानंतर तिनं एकदाही, एका सोमवारीही, अभ्यासाचं किंवा परीक्षेचं विचारलं नाही. माझा जीव तुटायचा. ओरडली असती तर बरं झालं असतं.

एका दुपारी फोनवर निकाल आला. पास. मी कोणाच्या पाया पडणारी बाई नाही, पण मॅडमच्या पडले. ती फी मला या जन्मात भरता आली नसती. कोणी आपला जुना दाखला काढून वाचावा आणि 'तू जा' म्हणावं, एवढं नशीब किती जणांचं असतं? हे सगळं बोलायचं होतं, पण रडूच आलं. मॅडम म्हणाल्या, "ऊठ, पेशंट थांबलेत. आणि तिला तूच सांग, ट्रस्टला मी कळवते."

मी पळतच कपड्यांच्या खोलीत गेले. "झाली व पास!"

ती हातातला गाऊन तसाच धरून उभी राहिली. "म्हंजे माहं पक्कं काय?"

"पक्कं."

ती धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर मटकन बसली आणि त्याच गाऊनमध्ये तोंड खुपसून रडली. दोन वर्षं पाहत होते, नवऱ्याचं नाव निघालं तरी रडली नव्हती. मी म्हटलं, "शुक्रवार-शनिवार तुहे कपडे माह्याकडे."

डोळे पुसत ती म्हणाली, "तुले गाऊनची घडी येते काय? उलटी घाला लागते. आतली बाजू बाहेर, म्हंजे डॉक्टरचा हात बाहेरच्या बाजूले लागत नाही."

"नाही येत."

"मंग शीक."

अजून शिकून राहिलो. शुक्रवारी सकाळी ती अमरावतीच्या गाडीत बसते आणि दुपारी ओपीडी सुटली की मी गाऊन घेऊन बसते. सोमवारी ती येते, माझ्या निम्म्या घड्या मोडून परत घालते, आणि मी विचारते, "झाला काय व अभ्यास?"