यदूदादाची टाकी

दुपारचं जेवण झालंय. माझी जुई माशांच्या टाकीसमोर चटईवर पालथी पडून झोपलीये, तोंडाचा चंबू करून. मी शेजारच्या कॉटवर नुसती पाठ टेकते. झोपायचं नाही असं बजावते स्वतःला, आणि डोळे मिटतात. आज सोमवार, म्हणजे लाईट जाणार. पंखा मंदावत मंदावत थांबतो. टाकीच्या पंपाची भुणभुणही बंद पडते. सुटले बाई एकदाची, असं मनात येतं.

टाकी यदूदादाची, माझ्या थोरल्या भावाची. तो काविळीनं गेला तेव्हा जुई पाळण्यात होती. वहिनीनं परवा माळ्यावरून टाकी काढून दिली, म्हणाली, घेऊन जा उल्का, मला बघवत नाही. मला माशांतलं ओ की ठो कळत नाही. मोबाइलवर बघून बघून रेती धुतली, पाणी भरलं, हीटर सोडला, हवेच्या पंपाची नळी तळाशी नेली. पंपाचा आवाज डोक्यात जायचा, म्हणून तो स्टँडच्या खाली फरशीवर, एक्स्टेंशन बोर्डाला चिकटून ठेवून दिला. आता मासे तेवढे आणायचे राहिलेत.

"रेती किती पाण्यांनी धुतलीस?"

दादा टाकीसमोर उकिडवा बसलाय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो मेलाय हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी पहिल्यांदा मनात येतं ते हेच, की याला चहा टाकायला हवा.

"पाणी निवळ होईपर्यंत धुतली," मी म्हणते.

"साबण नाही ना लावलास?"

"मी काय वेडी आहे का दादा?"

"आहेसच की. मासे कधी सोडणार?"

"पाणी आठवडाभर मुरू दे म्हणतात. मग चार गप्पी."

"शहाणी झालीस." तो हसतो. हसताना त्याचे डोळे अजून पिवळे दिसतात. इतका वेळ तो माझ्याकडे बघतच नाहीये. तो चटईवरच्या जुईकडे बघतोय.

"दादा, तू जा आता," मी म्हणते.

"लाईट गेलीय," तो म्हणतो. "पंप बंद पडला की नळीतून काय येतं गं?"

मी नळीकडे बघायला वळते, तर आम्ही माशांच्या दुकानात उभे आहोत, गणपती पेठेतल्या गल्लीतल्या त्या बोळकांडीसारख्या दुकानात, जिथं लहानपणी दादा मला बोटाला धरून न्यायचा. खिळ्यांना पाण्याच्या प्लास्टिक पिशव्या टांगल्यात, रबर लावून तोंड आवळलेल्या. एकाही पिशवीत मासा नाही. दुकानदार नाही. फरशीवर पाणी आहे, घोट्यापर्यंत, कोमट, हीटरनं तापवल्यासारखं.

"कुठली पिशवी फुटलीये?" मी विचारते.

"एकही नाही. नीट बघ की. सगळ्या भरलेल्या हायत."

"मग पाणी कुठनं येतंय?"

"ज्या वाटेनं हवा जात होती, त्या वाटेनं." त्याचा आवाज चढतो. तो जिवंत असताना असाच चढायचा, माझं गणित चुकलं की. "जुईला माझ्याकडं दे."

मी मागं सरकते. आई नेहमी सांगायची, गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर बोलावं, बसावं, पण त्यानं मागितलेलं काही देऊ नये. भाकरीचा तुकडासुद्धा नाही. आमच्या शेजारच्या सुमनकाकूंनी स्वप्नात सासऱ्याला नुसता लोटा दिला, तर आठ दिवसांत त्यांची म्हैस मेली. आम्ही हसायचो. आता मला हसू येत नाही. हा म्हैस मागत नाहीये.

"नाही देणार," मी म्हणते.

"उल्के, वेळ न्हाई. दे तिला."

"का म्हणून देऊ? तुझा काय हक्क?"

हे बोलते आणि जीभ चावते. कारण आम्ही देवळाच्या आवारात आहोत, पिंपळाच्या पारावर पाट मांडलाय, नाभिक वस्तरा घेऊन बसलाय आणि पाटावर मांडी घालून दादा बसलाय. जुईचं जावळ. जावळाला मूल मामाच्याच मांडीवर बसवायचं असतं. दादा गेला म्हणून आम्ही दूरच्या एका चुलतभावाच्या मांडीवर उरकून घेतलं होतं, आणि घरी येताना कुणी कुणाशी बोललं नव्हतं. हक्क त्याचाच होता. तो घ्यायला आलाय.

पाराखाली पाणी आहे. पाट ओला होतोय. जुई माझ्या कडेवर नाहीच, ती खाली आहे, पाण्यात, पालथी, तोंडाचा चंबू करून झोपलेली. पाणी तिच्या कोपराला लागलंय.

"तिला उचल," दादा ओरडतो. "तू उचल, न्हाईतर मला उचलू दे. लाईट येईल!"

मी वाकायला जाते. पाठ हलत नाही. हात उचलायला जाते, हात कॉटला शिवून टाकल्यासारखे. ओरडायला जाते, तर घशातून नुसता घर्रर्र आवाज. मला कळतंय की मी घरात आहे, कॉटवर आहे, पंखा बंद आहे, खिडकीतून ऊन आलंय. आणि दादा पाण्यात उभा आहे, कॉट आणि चटईच्या मधोमध.

"घे म्हण," तो आता हळू बोलतो. रडवेला झालाय माझा दादा. "तू म्हटल्याबिगर मला हात लावता येत न्हाई गं."

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. बाळंतपणात नाही, दादाचा हात गार पडला तेव्हाही नाही. हो म्हटलं तर पोर जाईल. नाही म्हटलं तर पाणी तिच्या तोंडाशी येतंय. मी त्याच्या तोंडाकडे बघते. पिवळे डोळे, वाढलेली दाढी, आणि त्यात तोच माणूस, ज्यानं मला सायकल शिकवताना पाठीमागचं कॅरियर शेवटपर्यंत सोडलं नव्हतं.

"घे," मी म्हणते.

तो वाकतो.

मी ताडकन उठून बसते. अंग घामानं चिंब. चटईवर जुई नाही.

चटई भिजून काळी पडलीये. टाकीतलं पाणी निम्म्यावर आलंय आणि हवेची नळी तळापासून वरपर्यंत पाण्यानं भरलीये. पंपातून पाणी झिरपतंय, बोर्डावरून ओघळतंय, आणि फरशीवरून चटईखाली गेलंय. मी एक पाय खाली टाकायला उचलते आणि पायथ्याशी काहीतरी मऊ लागतं. जुई. कॉटवर, माझ्या पायाशी, कुशीवर. पोट वरखाली होतंय. तिला कॉटवर चढता येत नाही, अजून माझ्याकडे हात वर करते ती.

तेवढ्यात लाईट येते.

बोर्डातून निळा जाळ निघतो, पाण्यावर चर्र आवाज होतो, आणि खटकन घरातलं सगळं बंद पडतं. जळक्या रबराचा वास सुटतो. मी पाय तसाच वर धरून बसते. नंतर कितीतरी वेळ तो मला खाली टेकवत नाही.

जुई दचकून उठते, रडायला लागते. मी तिला छातीशी घेते, तिच्या केसांत तोंड खुपसून मीही रडते. "उगी गं माझी बाय, उगी," म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवते. फ्रॉक कोरडा आहे. फक्त दोन्ही काखांखाली हाताला गार लागतं. मी तिला उजेडात धरते.

दोन ओले पंजे. अंगठे मागं पाठीवर, चार चार बोटं पुढं छातीवर, पालथ्या बाळाला काखेत धरून उचलतात तसे. माझ्या पंजाहून मोठे. मी माझे हात उलटसुलट करून बघते. घामानं सगळं अंग भिजलंय, पण तळवे कोरडे आहेत.