अर्ध्यात तुटलेला फोन

आमचे हे बोटीवर फिटर आहेत. त्या फेरीत त्यांची बोट ज्या समुद्रातून जायची होती तिथे बोटींवर हल्ले होत असल्याच्या बातम्या टीव्हीवर रोज दिसत होत्या. सासूबाईंसमोर मी चॅनेल बदलायचे. मी स्वयंपाकघरात गेले की त्या पुन्हा तेच लावून बसायच्या.

आमचं घर आरे-वारेच्या रस्त्यापासून आत, उतारावर आहे. मोबाइलला रेंज नाही. रेंज हवी तर वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या मोकळ्या सपाटीवर, जावं लागतं. म्हणून ह्यांनी मागच्या सुट्टीत वायफाय बसवून घेतलं होतं. बोटीवर सगळ्यांना नेट पाळीपाळीने आणि थोडाच वेळ मिळतं. त्यामुळे ह्यांचा व्हिडिओ कॉल कधी येईल याचा नेम नसायचा.

त्या रविवारी सकाळी कॉल आला. सासूबाई अंगणात होत्या, मी त्यांना हाक मारली. ह्यांचा चेहरा दिसला, दाढी वाढलेली. म्हणाले, "ऐक, आधी महत्त्वाचं सांगतो. आम्ही उद्यापासून..." आणि चित्र थिजलं. तोंड उघडं, एक डोळा अर्धवट मिटलेला. मग तेही गेलं.

सासूबाई पदराला हात पुसत आत आल्या. "काय गो, गेला फोन?"

"नेट गेलं, आई. येईल परत."

मी राउटर बंद केला, चालू केला. मोबाइल बंद करून पाहिला. वायफायच्या काड्या पूर्ण दिसत होत्या आणि खाली लिहून येत होतं, इंटरनेट नाही. राउटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत होता. थोड्या वेळाने तो आपोआप विझला, हिरवा लागला, नेट आलं. मी लगेच ह्यांना मेसेज टाकला, "उद्यापासून काय?" एकच टिक. संध्याकाळपर्यंत एकच टिक.

नेटच्या कंपनीला फोन करायला सड्यावर गेले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, राउटरवर कोणता दिवा लागलाय बघून सांगता का?" मी म्हटलं, "अहो, राउटर घरात आहे, मी डोंगरावर आहे." तिला ते काही केल्या कळेना. शेवटी तिने तक्रार लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून माणूस आला, तेव्हा नेट झक्क चालत होतं. त्याने भिंतीवर थाप मारली. "जांभ्याची भिंत आहे ताई, एवढी जाड. सिग्नल अडणारच. मधल्या खोलीत घ्या." त्याने राउटरचा डबा मधल्या खोलीत आणला, वायर लांबवली, चहा घेऊन गेला. पुढच्या सकाळी पुन्हा तांबडा दिवा.

मला खरी भीती वेगळीच होती. बंद काय आहे, इथलं नेट की तिथलं? ह्यांनी फोन केला असेल आणि नेमका तेव्हाच दिवा तांबडा असेल, तर? नेट असताना मी मोबाइलकडे बघत बसायचे, नसताना डब्याकडे. भात दोनदा लागला. सासूबाईंनी जळका भात मुकाट्याने खाल्ला. मग एकदम म्हणाल्या, "तो काय सांगत होता गो शेवटी?"

"काही नाही, आई. जेवलात का विचारत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे दोघींनाही कळलं.

मग एका सकाळी मी मधल्या खोलीत डब्यासमोरच भाजी निवडत बसले होते. बाहेर माकडं आली. कौलांवर धडाधड उड्या पडायला लागल्या. सासूबाई "हाड, हाड" करत पडवीतल्या खिडकीकडे धावल्या, कारण तिथून ती आत शिरून केळी नेतात. त्यांनी खिडकी जोरात लावून घेतली. माझ्या डोळ्यांसमोर हिरवा दिवा विझला आणि तांबडा लागला.

मी उठून पडवीत गेले. बाहेरून येणारी बारीक वायर त्याच खिडकीच्या चौकटीवरून आत घेतली होती. खिडकी लावली की ती फळीखाली दबायची. माकडं परसात उतरल्यावर मी खिडकी उघडली. थोड्या वेळाने हिरवा. पुन्हा लावली, तांबडा. त्या रविवारी सकाळीही माकडं आली होती आणि अंगणातून आत येता येता सासूबाईंनी ही खिडकी लावली होती, हे मला तेव्हा आठवलं.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. त्या माणसाला परत बोलावून भिंतीला भोक पाडून घेतलं आणि वायर तिथून आत आणली. ड्रिलची तांबडी धूळ झाडताना सासूबाई म्हणाल्या, "खिडकीनं होत होतं ना? म्हणजे पोराचा फोन मीच तोडला."

"तुम्हाला काय ठाऊक, आई. मला तरी कुठे कळलं होतं?"

त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत.

आता दिवा हिरवाच राहायला लागला आणि तेच जास्त कठीण झालं. आधी दोष द्यायला डबा होता. आता घरातलं सगळं ठीक होतं आणि तरी टिक एकच होती. सासूबाई बुद्धवंदनेला बसायच्या आणि वंदना संपली तरी उठायच्या नाहीत. मी बातम्या लपवणं सोडून दिलं. दोघी शेजारी बसून बघायचो, कुठल्या बोटीचं नाव येतंय का.

पुढच्या आठवड्यात, मी माशांना मीठ-मसाला लावत असताना फोन वाजला. हात तसेच. सासूबाईंनीच उचलला.

"अगं, तुझा मेसेज आत्ता मिळाला. त्या समुद्रातून जायचं रद्द झालं," हे सांगत होते. "आफ्रिकेला लांबून वळसा घातला. बंदर येईपर्यंत आमचं नेट बंद होतं. त्या दिवशी तेच सांगितलं ना मी तुम्हाला?"

सासूबाई मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "नाय सांगितलंस. मी खिडकी लावली नि तुझा फोन तुटला."

ह्यांना काहीच कळलं नाही. "कसली खिडकी, आई?"

सासूबाई त्यांना माकडांपासून सगळं सांगायला लागल्या. ह्यांची नेटची पाळी संपत आली होती, तरी हे मध्ये बोलले नाहीत. मी मसाल्याचे हात तसेच वर धरून परसदारी गेले आणि पायरीवर बसून मनसोक्त रडले.