लाल्या-फावड्याचे नाना

माझे सासरे, म्हणजे नाना, कुणाच्याही घरी गेले, की चहा येण्याआधी त्या घरातल्या पाण्याच्या मोटारीचं दुखणं सांगायचे. आवाजावरून. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही सगळे विरारला माझ्या मावशीकडे जेवायला गेलो, तर नाना वाढलेल्या ताटावरून उठले, गच्चीवर गेले आणि दहा मिनिटांनी ओल्या बाह्यांनी परत आले. "वॉशर गेला होता," एवढंच म्हणून त्यांनी वरणभात कालवायला घेतला. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगते.

गोखिवऱ्यातल्या एका गाळ्यात त्यांनी आयुष्यभर पंप दुरुस्त केले. घर मात्र वसईतल्या पापडीचं. मागे उरलीसुरली वाडी, केळी, चार चिकू आणि एक बावखल, म्हणजे वाडी शिंपायला पूर्वजांनी खणून ठेवलेलं छोटं तळं. मी कराडकडची. मला पोहता येत नव्हतं आणि मासा फक्त ताटात बघायची सवय होती. अशा घरात मी आले आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या पडवीत काचेपलीकडून एक मिशाळ तोंड माझ्याकडे बघत होतं. काळसर पाठ, पांढरं पोट आणि कुंकवात बुडवल्यासारखी लाल शेपटी. मी किंचाळले नाही, पण हातातला कप फुटला.

तो लाल्या. एका फ्लॅटवाल्याने बोटाएवढा असताना हौसेने आणलेला, आणि दोन वर्षांत टाकीत वळता येईना इतका वाढलेला. नाना त्यांच्याकडे पंप बघायला गेले होते. मालक सहज बोलून गेले, की रविवारी याला तलावात सोडून येणार. नानांनी पंप तसाच ठेवला. "तलावाने काय पाप केलंय?" असं विचारून ते मासा पिंपात घालून टेम्पोने घरी घेऊन आले. हा परका कॅटफिश आपल्या पाण्यात सुटला तर तोंडात मावेल ते सगळं गिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी वाडीतल्या, पडवीला लागून असलेल्या जुन्या सिमेंटच्या टाकीची एक भिंत पाडून तिथे जाड काच बसवली. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. गाळणीसाठी तीन पिंपं. सगळं स्वतःच्या हाताने.

दुसरा आला तो माझ्या पहिल्याच वर्षी. चपट्या, लांब नाकाचा, अंगावर वाघासारखे पट्टे. नाक फावड्यासारखं म्हणून फावड्या. एक मत्स्यालयाचं दुकान बंद झालं आणि याला कुणी घेईना. दुकानदाराने नानांना आधीच बजावलं, की हे दोन मोठे एका टाकीत राहायचे नाहीत, एक राहील आणि दुसरा त्याच्या पोटात जाईल. नानांनी टेप लावून दोघांची लांबी मोजली. फावड्या वीतभर जास्त भरला. लाल्याच्या तोंडात मावणार नाही एवढी खात्री झाल्यावरच त्यांनी होकार दिला.

तरी त्यांनी घाई केली नाही. टाकीच्या मधोमध जाळी लावली आणि दोन महिने दोघांना एकमेकांकडे नुसतं बघू दिलं. खायला घालायचं ते दोन्ही टोकांना एकाच वेळी, म्हणजे हिसकाहिसकी नको. जाळी काढायच्या दिवशी त्यांनी लपायचे सिमेंटचे पाइप बाहेर घेतले, वाळू उकरली आणि पाइप नव्या जागी मांडले. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "जागा नवी केली की जुनी मालकी राहत नाही." जाळी निघाली. लाल्याने एकदा तोंड उघडून फावड्याची बाजू चाचपली, फावड्याने शेपटीचा एक फटका दिला आणि दोघं दोन पाइपांत जाऊन पडले. संध्याकाळी एकाच पाइपापाशी होते.

त्याच महिन्यात माझं आणि सासूबाईंचं मसाल्याच्या डब्यावरून वाजलं. रविवारी नानांनी आम्हा दोघींना भाजीला पाठवलं. परत आलो तर स्वयंपाकघरातली फडताळं हललेली, शेगडी खिडकीकडे आलेली, डबे भलत्याच फळ्यांवर. आम्ही दोघी मिळून हळद शोधत बसलो. नाना पडवीत टाकीची काच पुसत होते आणि आमच्याकडे बघतही नव्हते.

त्यांच्या टाकीला शिस्त होती. आठवड्यातून तीनच दिवस खाणं, सोललेली कोळंबी आणि माशाचे तुकडे. बघायला आलेली पाहुणेमंडळी काही टाकायला लागली की नाना हात पुढे करून सांगायचे, "आज त्यांचा उपास आहे." पाणी कसं बदलायचं, कामाला पाण्यात उतरल्यावर मासा पायाखाली येऊ नये म्हणून पाय न उचलता कसा सरकवायचा, हे त्यांनी मला शिकवलं. मुलगा म्हणजे माझे यजमान, ते कधी पाण्यात उतरले नाहीत. पोहता न येणारी मी मात्र कंबरभर पाण्यात उभी राहायला शिकले, आणि लाल्या पोटरीला मिशा घासून जायचा तेव्हा श्वास धरायलाही.

मग तो पाऊस झाला. वसईत पाणी भरणं नवीन नाही, पण त्या वर्षी वाडी आणि बावखल यांच्यातला बांधच दिसेना. वीज गेली ती तीन दिवस. पंप बंद, हवा बंद, आणि बाहेरचं पाणी टाकीच्या काठाला चार बोटं कमी. नानांनी पहिलं काम केलं ते टाकीवर नायलॉनची जाळी ताणून तिच्या कडांवर विटा मांडायचं. दुसऱ्या सकाळी लाल्या वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला. यजमान म्हणाले, "नाना, सोडा बावखलात. जगतील तरी."

"हे जगतील," नाना म्हणाले. "त्यातलं बाकीचं काय जगेल?"

त्यांनी वाडी शिंपायची झारी काढली. टाकीतलंच पाणी भरायचं आणि खांद्याच्या उंचीवरून जाळीतून खाली सोडायचं, म्हणजे पाण्याबरोबर हवा जाते. कारखान्यासारख्या पाळ्या लावल्या. शेजारची रोजीबाय तिच्या दोन झाऱ्या घेऊन गुडघाभर पाण्यातून आली. या माशांचं तोंड बघणार नाही म्हणणाऱ्या सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. यजमानांनी सर्वांत जास्त झाऱ्या ओतल्या. माझे खांदे तिसऱ्या दिवशी उचलेनात, तेव्हा नानांनी झारी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "सूनबाई, पाळी संपली. चांगलं काम झालं." वीज आली तेव्हा दोघंही जिवंत होते आणि बावखलात आमच्याकडून एकही परका मासा गेला नव्हता.

पुढे दोन वर्षांनी नानांच्या हृदयाने कुरबुर सुरू केली. दवाखान्यात बारा दिवस राहून घरी आले ते काठी टेकत सरळ पडवीत गेले. मी मागे उभी. ते खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिले. लाल्या, फावड्या, पिंपं, पाइप सगळं त्यांनी एकेक करून पाहिलं. "पाणी माझ्यापेक्षा स्वच्छ ठेवलंयस," असं म्हणाले. महिनाभरात ते गेले.

गेल्या महिन्यात नालासोपाऱ्याहून एक नवराबायको झाकलेली बादली घेऊन फाटकाशी आले. घरातल्या टाकीत मावेनासा झालेला कॅटफिश होता. तळ्यात सोडायला निघाले होते, तेवढ्यात कुणीतरी पापडीचा पत्ता दिला.

"नाना आहेत का?" बाईंनी विचारलं.

"नाना नाहीत," मी म्हटलं. "मी त्यांची सून. आत या, टेप आणते. आधी मोजून घेऊ."