बरातीची घोडी

काल क्लबच्या मागच्या कुंपणाशी भिजवलेल्या हरभऱ्याचा वास आला आणि अंबरपेठेतला तो तबेला आठवला. वस्तीतल्या पोरांसाठी घोडेस्वारीचा फुकट क्लब काढायचा होता, पण घोडाच नव्हता. मी सकाळभर भांडून घासाघीस केली. शेवटी तबेलेवाले चाचा वैतागले, "ले जाओ साब! पर बरात की घोडी है. बाजा नै बजा तो हिलती नै."

मैदानात ती खरंच हलेना. मग मी पत्र्याचा डबा बडवत पुढे चाललो, तेव्हा ती पोरांना पाठीवर घेऊन डुलत निघाली.

आता क्लबात घोडेच घोडे आहेत. कालच्या वर्धापनदिनाचं आमंत्रण साऱ्यांना गेलं, मला नाही. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. आत बँड सुरू झाला आणि कुंपणापलीकडे बांधलेली ती म्हातारी घोडी एकटीच नाचू लागली.

मी म्हटलं, "तुलाही नाही ना बोलावलं?"