चुगलखोर ओळ

सुजाताचा फोन आला तेव्हा मी शहागंजात चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. दुकानदार समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगत होता आणि मला एकही दिसेना. गयाबाई, म्हणजे सुजाताची आई, शहराबाहेरच्या एका संशोधन प्रक्षेत्रावर रोजंदारीवर होत्या. मी तिथंच पीकरोग विभागात सहायक. सव्वीस वर्षं एका शेतात काढली आम्ही. मला रडू आलं नाही, राग आला... आणि दोन महिने होत आले तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना राग दाखवू नये म्हणतात. मी दाखवणार आहे.

आमचं काम जगाच्या उलटं. लोक पिकाचा रोग घालवायला बघतात, आम्ही तो मुद्दाम लावायचो. चवळीवर जिवाणूंचा करपा येतो. पानावर आधी पाणी मुरल्यासारखे ठिपके दिसतात, मग तपकिरी डाग, भोवती पिवळी कड, आणि शेवटी पान गळतं. कोणता वाण या रोगापुढं टिकतो हे शोधायचं तर सगळ्यांना तो सारखाच द्यावा लागतो. गयाबाई रोगट पानं कुटून केलेल्या पाण्यात कात्री बुडवायच्या आणि एकेका पानाचं टोक कापत पुढं सरकायच्या. प्रत्येक झाडापाशी पुटपुटायच्या, "माफ कर बाई." मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "भाऊ, आपुन तिला दुखणं देतोय. इतकं तरी म्हनावं का नाय?"

दर चार ओळींनंतर एक ओळ हमखास आजारी पडणाऱ्या चवळीची पेरायची, ही रीत. पुस्तकात तिला भारदस्त नाव आहे, गयाबाई तिला चुगलखोर ओळ म्हणायच्या. ती करपली म्हणजे रोग नीट लागला, मग शेजारी जी हिरवी राहिली ती खरी दणकट. पण चुगलखोर ओळच हिरवी राहिली तर समजायचं की कुणीतरी लबाडी केली. इतकं साधं गणित. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला ते कळत होतं.

आमच्या विभागाच्या साहेबांनाही कळत होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, ते स्वतःला ओळखतील. त्यांचा एक वाण होता, पांढऱ्या टपोऱ्या दाण्याचा, आणि तो पास व्हावा म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागलेला. त्या वर्षी कात्री फिरवून झाल्यावर गयाबाईंना आठ दिवस सुट्टी मिळाली, न मागता. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पुढं पाहणीला मोठी मंडळी यायची होती, त्या सकाळी गयाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, जरा चला." सगळं शेत हिरवंगार. चुगलखोर ओळसुद्धा. त्यांनी खालच्या पानावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाला निळसर पांढरी भुकटी. "मोरचूद-चुना मारलाय," त्या म्हणाल्या. "आजार यायच्या आधीच दवा."

मंडळी आली, साहेबांच्या वाणापाशी माना डोलवू लागली. गयाबाई चुगलखोर ओळीत उभ्या राहून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेब, ही बी हिरवीच हाय की." पाहुण्यांपैकी एकाने हसून दाद दिली, "वा, बाईंची ओळही छान आहे." साहेब हसले नाहीत. मी बाजूला उभा होतो, माझ्याही बोटाला ती भुकटी होती, आणि मी खिशात हात घातला.

पुढं तो वाण शेतकऱ्यांकडं गेला आणि दुसऱ्या पावसाळ्यातच करपला. तक्रारी आल्या, चौकशी बसली. बळी द्यायला कुणीतरी गरीब लागतंच. बियाण्यात भेसळ झाली, ती बी निवडणाऱ्या मजूर बाईच्या हातून, असा कागद तयार झाला. साक्षीदार म्हणून माझ्यापुढं आला. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी सही केली.

गयाबाईंना शेतातून काढून फाटकाजवळच्या हिरवळीला पाणी घालायला लावलं. मी जाता-येता मान वळवायचो. एक दिवस त्यांनीच थांबवलं. "सरकारी कागदावर माझं नाव आलं ते एकदाच, भाऊ. अन् त्ये बी असं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली आणि चहा घेणार का विचारलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुकुंदवाडीच्या घरी गेलो. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यांचा फोटो, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, वंदना चाललेली. सगळं आटोपल्यावर सुजाताने एक पत्र्याचा डबा आणून दिला. आत ती कात्री आणि दोन पुरचुंड्या. एकीत चुगलखोर ओळीचं बी. दुसरीत गंगापूरकडच्या त्यांच्या माहेरची लाल, बारीक चवळी. हिच्यावर कात्रीची मात्रा कधी चालली नाही. दाणा बारीक म्हणून साहेबांनी ती फेकून दिली होती. दोन्ही बियाणी मागच्या दारी डब्यांतून लावून गयाबाईंनी दरवर्षी ताजी ठेवली होती. "आई म्हणायची, भाऊ मागतील एक दिवस," सुजाता म्हणाली.

मी मागितली नव्हती... त्या जिवंत होत्या तोवर नाही.

आता माझ्या गच्चीवर तेलाच्या डब्यांच्या तीन ओळी आहेत. एक चुगलखोर, एक लाल चवळी, मधली साहेबांच्या वाणाची, दुकानातल्या सीलबंद पिशवीतली. पिशवी सीलसकट जपून ठेवली आहे. चुगलखोर रोपं बियातूनच रोग घेऊन आली. त्यांचीच पानं कुटली आणि कात्री तिन्ही ओळींवर फिरवली. दहाव्या दिवशी चुगलखोर ओळ पिवळी पडली, साहेबांची तिच्या मागोमाग. लाल चवळी शेंगांवर आहे.

साहेब, पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार आहे असं ऐकतो. पेपरची ही पुरवणी तुम्ही शब्दकोड्यासाठी घेता, तेव्हा हा लेख चुकणार नाही. भेसळ गयाबाईंनी केली नव्हती. त्या कागदावरची माझी सही खोटी होती, आणि हेच मी चौकशी करणाऱ्या कार्यालयालाही लेखी कळवलं आहे. माझं जे व्हायचं ते होऊ दे, पण मी एकटा बुडणार नाही. गच्ची उघडी आहे. सत्काराला येणाऱ्यांनाही घेऊन या.

कात्री स्पिरिटने पुसून खिडकीत ठेवली आहे. त्या दिवशी चुगलखोर ओळीची पानं कापताना माझ्या तोंडून आपोआप आलं, "माफ कर बाई." लाल चवळीपाशीही आलं. तुमच्या ओळीपाशी मी गप्प राहिलो आणि एकेक पान कापत गेलो. झाडाचा काही गुन्हा नसतो हे मला कळतं. गयाबाईंनी त्या ओळीचीही माफी मागितली असती. मी गयाबाई नाही.