पडला की सांगायचं

माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलाला आम्ही सगळे बरीच वर्षं आळशी म्हणत होतो. जिना चढताना तो कठडा सोडायचा नाही. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर हात टेकायचा, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखा उभा राहायचा. वर्गातली पोरं त्याला आजोबा म्हणायची, तोही हसायचा. मग सुरतेतल्या एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं. त्याच्या अंगातले स्नायू हळूहळू झिजत चालले होते. हा आजार मुलग्यांनाच होतो आणि बहुतेक वेळा आईकडून येतो. हे शेवटचं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं, पण सुरतेच्या गोडादरा वस्तीतल्या त्यांच्या खोलीत सासूच्या तोंडून ते बहिणीला मोठ्याने ऐकावं लागलं.

त्याच दवाखान्यात अशा मुलांचा एक अभ्यास चालू होता. डॉक्टरांनी विचारलं, नाव घालायचं का? आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तालुक्याच्या गावी राहून मी बी.एस्सी. झालो, तेव्हा बहीण इथे सुरतेत साड्यांवर टिकल्या चिकटवून मला पैसे पाठवायची. ते मी विसरलेलो नाही. म्हणून कागद आले ते माझ्याकडेच.

"तू शिकेल शे ना भाऊ, तू वाच," ती म्हणाली. आमची घरातली बोली अहिराणी.

मी दोनदा वाचले आणि तिला समजावलं. यात औषध मिळणार नाही. दर काही महिन्यांनी बोलावतील, चालायला लावतील, जमिनीवरून उठायला लावतील, श्वास मोजतील. औषधाशिवाय हा आजार कसा पुढे सरकतो हे नीट माहीत असलं, तर उद्या येणारं औषध लागू पडतं की नाही हे ठरवता येईल. ती "समजलं" म्हणाली आणि तिने सही केली.

तपासणी करणारी फिजिओथेरपिस्ट सुरतचीच, तरुण. सगळे तिला बेन, म्हणजे ताई, म्हणायचे. तिने पहिल्याच दिवशी बहिणीला सांगितलं, "घरी पडला की मला फोन करायचा. कुठे, कसा, स्वतः उठला का, सगळं सांगायचं."

फोन एकदाही गेला नाही. दवाखान्याच्या आदल्या दिवशी बहीण त्याला खाटेवरून उतरू द्यायची नाही. पायांना तेल चोळायची, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायची. बेन विचारायची, पडला का? बहीण म्हणायची, "नही पडना. एकबी दाव नही." मीही शेजारी बसून तेच खरं मानत होतो.

एकदा बेनने त्याचा कोपर वळवून पाहिला. मोठी खपली होती.

"आ शुं थयुं?" हे काय झालं, असं तिने गुजरातीत विचारलं.

"मच्छर," बहीण म्हणाली.

पोरगा खो खो हसायला लागला. "आटलो मोटो मच्छर? बेन, मम्मी खोटुं बोले छे. हुं बाथरूममां पड्यो'तो. स्कूलमां पण."

बेनलाही हसू आलं, पण बहिणीचा चेहरा पाहून तिने ते आवरलं. त्याला चालण्याच्या चाचणीसाठी घेऊन गेली.

बाकावर बसल्यावर बहिणीने मला सांगितलं. तिचा नवरा उधन्याला कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर, आहे. तिथे कारागिराचा हात मंदावला की सेठ काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा असतो. तिला वाटलं, इथेही तसंच. जो पोरगा जास्त पडेल त्याचं नाव काढतील, आणि उद्या औषध आलं की ते यादीत नाव राहिलेल्यांनाच देतील. म्हणून ती पडणं लपवत होती.

"कोणी काढत नाही, आक्का," मी म्हणालो. "उलट तो केव्हा पडतो, किती पडतो, तेच तर त्यांना हवंय."

तिने विचारलं, "म्हणजे मना पोऱ्या पडाले पाहिजे त्यासले?"



ती उठली आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो.

"डॉक्टरसाब, दवा आयेगी तो मेरे बच्चे को मिलेगी?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते खोटं बोलले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

"मालूम नहीं, बहन. शायद इसके टाइम पे न आये. इससे छोटे बच्चों के काम आयेगी."

"फिर हम काहे को आयें?"

"नहीं आना हो तो मत आओ. इसका इलाज यहाँ चलता रहेगा. नाराज कोई नहीं होगा."

त्यानंतर तिने अभ्यासाला जाणं बंद केलं. बेनचा फोन आला तर कापून टाकायची. मी आग्रह केला नाही. पावसाळ्यात त्याची शाळा सुटली, कारण वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि रोज उचलून न्यायला घरात कोणी नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी तिचाच मला फोन आला.

"बेनचा नंबर लाव. सकाळी पडना तो."

"लागलं का?"

"लागनं नही. पण उठता उना नही त्याले. मी बघत बसले, हात नाही लावला. स्वतः उठला का, ते सांगायचं होतं ना तिला?" मग म्हणाली, "लहान पोरांच्या कामाला येईल म्हणाले होते. मग लिहू दे त्यांना."

मी लाईन जोडून दिली. तिने बेनला सगळं सांगितलं. मोरीजवळ पडला, उजव्या कुशीवर, दोनदा जोर केला, मग नुसता पडून राहिला. मधे पोरगा ओरडला, "मम्मी, मी शिवी दिली तेपण सांग!" तिने तेही सांगितलं.

त्यानंतर पडल्याचा फोन करायची वेळ आली नाही. तो पुन्हा उभा राहिला नाही.

आता ती त्याला चाकाच्या खुर्चीत अभ्यासाच्या तपासणीला घेऊन जाते. व्हरांड्यातली चालण्याची चाचणी त्याच्यासाठी बंद झाली, हाताची आणि श्वासाची तेवढी राहिली. मागच्या खेपेला मीही गेलो होतो. बेनने अजून काही विचारलंही नव्हतं, तोच बहीण म्हणाली, "ग्लास तोंडापर्यंत जात नाही आता. मीच पाजते."