मामाचा पंप आणि पालीचा थांबा

रत्नागिरीला लोक समुद्र बघायला जातात. मी पुण्याहून गेले ती एका पंपासाठी. पंप अप्पामामाचा, पोफळीच्या बागेतला. तो बंद आहे ना, हे बघायला मामा दिवसभर उठत असतो. मामी घरातच असते, तरी. पुण्याला नात झाली, सहा महिन्यांची झाली, आणि हा तिला बघायला निघून तीनदा अर्ध्या तासावरच्या पालीच्या थांब्यावरून परत फिरला. त्याचं त्यालाच फार वाईट वाटतं.

माझं काम मेंदूचं. त्याचे भाग एकमेकांशी कसे बोलतात आणि अशा पुन्हापुन्हा खात्री करायला लावणाऱ्या आजारात ते बोलणं कुठे अडतं, हे आम्ही स्कॅनमध्ये शोधतो.

स्वारगेटहून सकाळची एसटी घेतली. बाई म्हणून अर्धं तिकीट. आंबा घाटात पुढची सीट धरा. मागे बसलात तर पालीची मिसळ नुसती डोळ्यांनी खावी लागेल.

संध्याकाळी पडवीत घावणे खाता खाता मी समजावलं, "एक भाग ओरडतो, पंप बघ. दुसरा सांगतो, बघितला. पण पहिला ऐकतच नाही."

"म्हंजे तुझी मामी," मामा म्हणाला.

मामीने त्याच्या ताटातला घावण उचलून माझ्या ताटात टाकला.

स्कॅनने कुणी बरं होत नाही, तो अभ्यासासाठी, हेही सांगितलं. औषध आणि सराव डॉक्टर देतील. आणि त्याच्या शंकेला आपण उत्तरं देत बसलो की शंका माजते. मामा पुण्याला यायला तयार झाला, पण देवीचा कौल घेऊन.

सकाळी देवळात गुरवांनी मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली. म्हणजे जा.

"वाऱ्यानं पडली असंल. परत लावा."

परत उजवी.

"उजवी म्हंजे तिची का माझी?"

गुरव तबक उचलत म्हणाले, "अप्पा, चाळीस वर्षं कौल घेताय. देवीला एकदा विचारायचं नि उठायचं. शंका आली तर ती घेऊन चालायचं." आमचे डॉक्टर हेच सांगायला महिनोन्‌महिने घेतात. मी गुपचूप दक्षिणा वाढवली.

पुण्याच्या वाटेवर पालीला गाडी थांबली. मामाच्या कपाळावर घाम.

"पंप बंद केला ना गो मी?"

मला रडू येत होतं. "एकदा विचारायचं, मामा," एवढंच म्हणाले. त्याने पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. गाडी सुटली, आणि तो गाडीतच होता.

कराडला मामीचा फोन आला. "पंप चालूच होता गो. आता बंद केला. त्याला सांगू नको."

पुण्याला येऊन आठवडा झाला. डॉक्टरांकडे मामाची पहिली खेप झाली, स्कॅनही झाला. अजून बराच पल्ला आहे. काल मात्र मला राहवेना. नात त्याच्या मांडीवर असताना पंपाचं सांगून टाकलं.

"बघ," तो नातीला म्हणाला, "मी बोंबलत होतो तर कोण ऐकत नव्हतं." मग माझ्याकडे वळला. "आता बंद आहे ना?"

शंकेला उत्तर द्यायचं नव्हतं. तो वाट बघत राहिला. तेवढ्यात नातीने त्याचं नाक धरलं, आणि मामाने दुसऱ्यांदा विचारलं नाही.